गिझर पुन्हा गळतोय? आधी वेळ पाहा, मग जागा

चौदा महिन्यांत मी माझ्या गिझरचा सेफ्टी वॉल्व्ह तीनदा बदलून घेतला. पहिल्यांदा थेंब दिसला तेव्हा प्लंबरने खालूनच बघून सांगितलं, "वॉल्व्ह गेलाय." नवा बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत थेंब. "नवीन स्प्रिंग आहे ताई, बसेल दोन-चार दिवसांत." नाही बसली. मग काही महिने खाली बादली, मग दुसरा वॉल्व्ह, परत बादली, मग तिसरा. तिसऱ्याच्या वेळी गाडी "हल्ली मालच असा येतो" इथवर आली. मीही मान डोलावली, कारण पाणी वॉल्व्हच्या तोंडातूनच येत होतं आणि ते मला डोळ्यांनी दिसत होतं.

तिन्ही वॉल्व्ह चांगले होते. टाकीतला दाब वाढला की पाणी सोडायचं, एवढंच त्यांचं काम आणि ते तेच करत होते. दाब का वाढतोय हे मात्र आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. एकच गळती दुरुस्त करून पुन्हा पुन्हा येत असेल, तर बहुतेक वेळा आपण पाणी जिथे पडतं ती जागा दुरुस्त करत असतो. म्हणून पान्हा हातात घ्यायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं बघा: गिझर केव्हा गळतो?

त्याआधी एक गोष्ट, आणि यात घासाघीस नाही. गळणाऱ्या गिझरला हात लावायच्या आधी त्याचं बटण बंद करा आणि त्याचा एमसीबीही पाडा. बटण नुसत्या एका तारेचं असू शकतं, म्हणजे ते बंद असलं तरी दुसऱ्या तारेत वीज राहू शकते. पाणी गिझरच्या खालच्या झाकणातून, म्हणजे जिथून वायर आत जाते तिथून येत असेल, तर तपासणी संपेपर्यंत वीज परत चालू करायची नाही. आतलं पाणी पुढचे कित्येक तास गरम राहतं. 60 अंशांचं पाणी कातडीवर पाचेक सेकंद राहिलं तरी खोल भाजतं, तेव्हा कुठलाही नट ढिला करायच्या आधी ते निवू द्या.

तापतानाच गळतो

बटण चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी थेंब सुरू, पाणी पुरतं तापून दिवा विझला की थोड्या वेळात बंद. रात्रभर कोरडं. माझं हेच होतं.

पाणी तापलं की फुगतं. 20 अंशांचं पाणी 60 अंशांवर नेलं तर ते सुमारे दीड टक्क्याने वाढतं. 25 लिटरच्या टाकीत हे झाले 375 मिलिलीटर, म्हणजे दीड-दोन पेले. पाणी दाबून लहान होत नाही, टाकी पोलादाची, तेव्हा हे वाढलेलं पाणी कुठेतरी जायलाच हवं. थंड पाण्याच्या लाइनमध्ये अडवणारं काही नसेल तर ते आलं त्याच वाटेने मागे सरकतं आणि वरच्या टाकीत गुपचूप मिसळतं. आपल्याला पत्ताही लागत नाही. पण त्या वाटेवर नॉन-रिटर्न वॉल्व्ह असेल, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, तर परतीचं दार बंद. दाब चढत जातो आणि वॉल्व्हच्या स्प्रिंगला नेमून दिलेल्या आकड्याला पोचला की वॉल्व्ह उघडतो. घरगुती गिझरवर हा आकडा बरेचदा 8 बार असतो (बार हे दाबाचं माप), वॉल्व्हच्या अंगावरच कोरलेला सापडेल. तुलनेसाठी: दहा मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब जेमतेम 1 बार भरतो.

मी एक दिवस वॉल्व्हच्या नळीखाली मापाचं भांडं ठेवलं. गार पाण्यापासून पूर्ण तापेपर्यंत मधे कुठलाही नळ उघडायचा नाही, अशी घरात ताकीद दिली आणि स्टूल टाकून बसले. पहिले थेंब तेराव्या मिनिटाला आले. सुरुवातीला अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने एक, मग सलग टपटप, शेवटी दिवा विझला आणि पाच-सात मिनिटांत सगळं शांत. भांड्यात साडेतीनशे मिलिलीटरच्या थोडं वर पाणी. हिशेबाशी इतकं जुळलं की त्याच क्षणी वॉल्व्हवरचा माझा राग उतरला.

मग प्रश्न उरला की आधीची कित्येक वर्षं हे पाणी कुठे जात होतं. उत्तर गच्चीवर होतं. नळाला जोर नाही म्हणून आम्ही टाकीखाली प्रेशर पंप बसवला होता आणि पंपासोबत नॉन-रिटर्न वॉल्व्ह आलाच. पहिला थेंब त्याच आठवड्यातला. पंप गच्चीवर, थेंब न्हाणीघरात, त्यामुळे दोन्हींचा संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुमच्याकडे गळती सुरू झाली त्या सुमाराला पंप, पाण्याचा मीटर, फिल्टर किंवा नवा कॉक बसला का, हे आठवून बघा. बिलांच्या तारखा उपयोगी पडतात.

यावर उपाय दोन. अनेक सेफ्टी वॉल्व्हच्या पोटातच नॉन-रिटर्न असतो आणि तिथे तापताना थोडं पाणी टपकणं हे ठरल्याप्रमाणेच आहे. अशा वेळी वॉल्व्हच्या तोंडाला पातळ नळी लावून ती उताराने मोरीपर्यंत न्यायची, नळीचं टोक उघडं ठेवायचं आणि विषय संपवायचा. दुसरा उपाय छोटी एक्सपान्शन टाकी. हा बॉलएवढा पत्र्याचा डबा असतो, आत रबरी पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. फुगलेलं पाणी हवेला दाबून आत शिरतं, पाणी वापरलं की हवा त्याला परत ढकलते. 25 लिटरच्या गिझरला 2 लिटरची टाकी पुरते. ती गिझर आणि नॉन-रिटर्न यांच्या मधेच बसली पाहिजे. नॉन-रिटर्नच्या आधी, पंपाच्या बाजूला बसवली तर ती नुसती शोभेची वस्तू. हवा पाण्याच्या नेहमीच्या दाबाएवढी भरायची, तीही लाइनमधलं पाणी सोडून दिल्यावर. सायकलला असते तशीच पिन असते, टायरचा गेज चालतो. मी ही टाकी बसवली आणि त्यानंतर वॉल्व्ह कोरडा आहे. तोच तिसरा वॉल्व्ह.

वर्ष-दोन वर्षांनी थेंब परत दिसलाच तर आधी या टाकीची पिन दाबून बघा. हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटला.

तापताना येणाऱ्या गळतीत एक प्रकार मात्र वेगळा ओळखायला हवा. थेंबांऐवजी जोरात वाफाळतं पाणी येत असेल, नळाचं पाणी नेहमीपेक्षा खूपच गरम लागत असेल, टाकीतून उकळल्याचा आवाज येत असेल, दिवा विझतच नसेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा भाग, चिकटलाय. गिझर लगेच बंद करायचा आणि थर्मोस्टॅट बदलेपर्यंत लावायचा नाही.

आणि वॉल्व्हचं तोंड बंद करणं, खुंटी मारणं, त्याच्या जागी आटे असलेली टोपी बसवणं या तीन गोष्टी कुणी सुचवल्या तर त्या माणसाला घरात घेऊ नका. मी कुणाच्या कामाविषयी सहसा असं बोलत नाही. पण दाबाखाली पाणी 100 अंशांवर उकळत नाही. 7-8 बारला ते 170 अंशांच्या आसपास जाईपर्यंत द्रवच राहतं. अशी टाकी फाटली की त्यातलं पाणी क्षणात वाफ होऊ लागतं, आणि एक लिटर पाण्याची वाफ सुमारे 1,600 लिटर जागा मागते.

रात्रंदिवस सारखंच गळतं

गिझर चालू असो की आठवडाभर बंद, थेंबांची चाल तीच. मग तापण्याचा संबंध नाही. शक्यता तीन: वॉल्व्हची बैठक, पाइपचे जोड किंवा खुद्द टाकी. टाकीचं शेवटी बोलू.

पाणी वॉल्व्हच्या तोंडातूनच चोवीस तास येत असेल तर बहुधा आत क्षाराचा कण अडकलाय. जड पाण्यातला क्षार तापल्यावर बाहेर पडतो, आणि 60 अंशांच्या वर तर भराभरा. वॉल्व्हची छोटी दांडी दोन-तीनदा उचलून पाणी जोरात वाहू द्या, बरेचदा कण निघून जातो आणि गळती थांबते. तशी ही दांडी महिन्या-दोन महिन्यांनी उचलायचीच असते, म्हणजे ती चिकटून बसत नाही. पण ज्या वॉल्व्हला पाच वर्षांत कुणी हात लावला नाही, तो उचलल्यावर पुन्हा नीट बसेलच असं नाही. म्हणून हे काम दुकानं उघडी असताना करा, रात्री अकराला नको.

जोडांपाशी सगळे फसतात, मीही फसलेय. गिझरला येणारी स्टीलची जाळीदार नळी घ्या. वरच्या नटातून पाणी सुटतं, पण ते जाळीच्या आतून, रबरी नळीच्या अंगाला धरून खाली येतं आणि खालच्या नटाशी थेंब होऊन लटकतं. आपण खालचा नट आवळतो. थेंब तसाच. आणखी आवळतो. आतलं रबरी वायसर चिरतं आणि आता दोन गळत्या.

म्हणून आधी सगळं कोरडं करा. जुन्या फडक्याने पुसा, पाहिजे तर हेअर ड्रायर मारा. मग प्रत्येक जोडाला टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा आणि सगळ्यात वरून सुरुवात करा. अर्ध्या तासाने बघा, सगळ्यात उंचावर भिजलेली पट्टी हाच तुमचा आरोपी. तिच्या खालच्या भिजलेल्या पट्ट्यांना काही अर्थ नाही. गळती फारच बारीक असेल तर पट्टीऐवजी टाल्कम पावडर फुंका. पांढऱ्या थरावर पहिली ओली रेघ केसाएवढी असली तरी उठून दिसते. सगळ्या पट्ट्या एकदमच आणि सारख्याच दमट झाल्या तर ती गळती नसून थंड पाइपवर धरलेलं दव असू शकतं. न्हाणीघरात वाफ कोंडली की थंड लाइन घामेजते. तिच्यावर फोमची नळी चढवली की झालं.

टेफ्लॉन टेपविषयी एक गैरसमज इतका पसरलेला आहे की थांबून सांगते. जाळीदार नळीच्या नटात सपाट वायसर असतं आणि पाणी ते अडवतं. आटे फक्त धरून ठेवतात. तिथे टेपचे वेढे घातले तर नट पूर्ण बसत नाही आणि वायसर दाबलं जात नाही. तिथे नवं वायसर घाला, हाताने आवळा, मग पान्ह्याने पाव फेरा. टेप लागते ती निपलच्या, म्हणजे भिंतीतल्या एल्बोत (वळणाच्या जोडात) किंवा कॉकमध्ये फिरवून बसवायच्या आखूड तुकड्याच्या आट्यांवर. निपलचं टोक आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून, सहा-आठ वेढे. उलटी गुंडाळली तर आवळताना गोळा होऊन बाहेर येते. आणि एकदा आवळून बसलेला जोड "थोडा सरळ दिसावा" म्हणून मागे फिरवू नका. फिरवलाच तर उघडून टेप नव्याने.

एखादा थेंब क्षुल्लक वाटतो म्हणून हा हिशेब: सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर. भिंतीत मुरणारे चार लिटर काय करतात ते खालच्या मजल्यावाल्यांना विचारा.

गार असताना गळतो, तापला की थांबतो

हा प्रकार लोकांना भुताटकीसारखा वाटतो. गिझरचं खालचं झाकण काढलं की एक पाटी दिसते. तिच्यावर कॉइल बसवलेली असते आणि पाटी व टाकी यांच्या मधे रबरी गॅस्केट. तापल्यावर धातू आणि रबर दोन्ही फुगतात आणि फट बुजते, गार झाल्यावर परत उघडते. पाणी झाकणाच्या मधोमध किंवा वायरच्या भोकातून येत असेल तर संशय इथेच घ्यायचा.

ही गळती फार वेळा सर्व्हिसिंगनंतर दोन-तीन आठवड्यांत सुरू होते. कॉइलवरचा क्षार काढायला पाटी उघडली जाते आणि जुनंच गॅस्केट परत बसवलं जातं. तापून तापून कडक झालेलं, एका ठशात बसलेलं रबर दुसऱ्यांदा तसंच बसत नाही. पाटी उघडली की गॅस्केट नवं, हे कामाआधीच सांगून ठेवा. बसवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा क्षार खरवडून कडा बोटाने चाचपून बघायची, खडबडीत लागता कामा नये. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळायचे. एकच बाजू पूर्ण आवळली तर पाटी तिरकी बसते.

पाटी उघडायची म्हणजे गिझर रिकामा हवा, आणि इथे न्हाणीघरात पूर आलेला मी पाहिला आहे. थंड पाण्याचा कॉक बंद केला, गरम नळ उघडला, पाणी यायचं थांबलं, म्हणजे टाकी रिकामी झाली असं वाटतं. ती काठोकाठ भरलेली असते. गरम पाण्याचा पाइप आत अगदी वरपर्यंत गेलेला असतो आणि खालून थंड पाणी ढकलत असेल तरच वरून गरम बाहेर पडतं. ढकलणारं बंद झालं की सगळं जिथल्या तिथे. भिंतीवरचा उभा गिझर रिकामा होतो तो थंड पाण्याच्या तोंडातून: कॉक बंद, गरम नळ उघडा म्हणजे हवा आत जाईल, मग थंड बाजूची नळी काढून खाली मोठी बादली. एका बादलीत मावेल अशी आशा धरू नका. उघडल्या जागी सेफ्टी वॉल्व्हमधला नॉन-रिटर्न लागला तर पाणी येणार नाही, मग त्याची दांडी उचलून धरायची किंवा वॉल्व्हच काढायचा.

पुढच्या दोन वेळा पटकन. नळ चालू असतानाच गळत असेल तर दोष नळाच्या पुढे आहे, शॉवरची नळी नाहीतर मिक्सरचं स्पिंडल. गिझरला हात लावू नका. फक्त मध्यरात्री-पहाटे गळत असेल आणि पाणी थेट मुख्य लाइनमधून येत असेल, तर त्या वेळी कुणी पाणी वापरत नसल्याने लाइनचा दाब चढतो. प्रेशर गेज लावून एक रात्र आकडा बघा. फार चढत असेल तर दाब कमी करणारा वॉल्व्ह. मात्र तोही बरेचदा परतीची वाट बंद करतो, म्हणजे मग एक्सपान्शन टाकी आलीच.

टाकीच गेली तर

सगळे जोड कोरडे, वॉल्व्ह कोरडा, पाटी कोरडी, तरी बाहेरच्या आवरणाच्या सगळ्यात खालच्या बिंदूतून पाणी येतंय, आणि ते तांबूस आहे. टाकी आणि आवरण यांच्यात फोम भरलेला असतो. भोक वर असलं तरी पाणी फोममधून झिरपत खाली येतं, त्यामुळे बाहेरून जागा सापडत नाही. सापडली तरी उपयोग नाही. बाहेरून इपॉक्सीचा लेप आतल्या दाबापुढे टिकत नाही, आणि आतून काचेसारखा मुलामा असलेल्या टाकीला वेल्डिंग केलं तर त्या उष्णतेने आजूबाजूचा मुलामा तडकतो. एक भोक बुजवून चार नव्यांची सोय. असा गिझर बदलायचा.

पण दोन-तीन वर्षांत टाकी गेली असेल, तर जुना गिझर भंगारात देण्याआधी त्याचा ॲनोड रॉड काढून बघा. हा मॅग्नेशियमचा दांडा टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः झिजतो, त्यासाठीच तो असतो. जड पाण्यात दर वर्षी तपासावा, आणि मीठ वापरणारा सॉफ्टनर घरात असेल तर तो आणखी लवकर संपतो. मधली तार उघडी पडली असेल, तर टाकी गंजाने गेली. नव्या गिझरचा रॉड वर्षाच्या आत बघायची तारीख आजच लिहून ठेवा. तांब्याचा पाइप सरळ टाकीच्या पोलादी तोंडाला जोडलेला असेल तर तोही गंज वाढवतो, मधे डायइलेक्ट्रिक युनियन, म्हणजे दोन धातूंना एकमेकांपासून वेगळं ठेवणारा जोड, घाला. रॉड मात्र जवळजवळ जाडजूड शाबूत आणि टाकी वेल्डिंगच्या रेषेवर चिरलेली, असं दिसलं, तर पाण्यापेक्षा दाबावर संशय घ्या. नवा गिझर टांगायच्या आधी एकदा गच्चीवर जाऊन पंपाला नॉन-रिटर्न आहे का ते बघून या.